"ताई, मला चौथा महिना लागलाय": आता दुकान कसं चालवायचं?

दुकानातली सगळ्यात भरवशाची मुलगी सकाळी शटर वर करताना हळूच म्हणते, "ताई, मला चौथा महिना लागलाय." खरं सांगा, तुमच्या डोक्यात पहिलं काय येईल? तोंडाने आपण अभिनंदन करतो, पण आत एकच घोळत असतं: दिवाळीत काउंटर कोण सांभाळणार? माझंही तेच झालं. माझ्याकडे चारच जणं आहेत, आणि गिऱ्हाईक तिलाच नावाने हाक मारतं.

त्या रात्री मी शोधायला बसले. म्हटलं, ज्या देशांत मुलंच जन्माला येईनाशी झालीत, तिथले मालक काय करतात ते तरी बघू.

दक्षिण कोरियात 2023 मध्ये जननदर 0.72 वर आला. म्हणजे बाईमागे सरासरी एक मूलही नाही. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतो. रजा नाही म्हणून असं झालं म्हणावं, तर कायद्याने आई आणि बाबा दोघांनाही निदान एकेक वर्षाची पालक रजा आहे. 2024 मध्ये बूयंग नावाच्या बांधकाम कंपनीने तर कर्मचाऱ्यांना दर बाळामागे दहा कोटी वॉन दिले, आपले साधारण साठ लाख रुपये! पण ते सोडा, ते आपल्या ऐपतीचं नाही. मला पटली ती छोटी गोष्ट. छोट्या ठिकाणी माणूस रजा मागायला कचरतो, कारण त्याचं काम शेजारच्याच्या डोक्यावर पडणार असतं. म्हणून जुलै 2024 मध्ये तिथल्या सरकारने छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी एक मदत सुरू केली, आधी मुलासाठी कामाचे तास कमी करणाऱ्यांपुरती. जो सहकारी ते काम उचलतो त्याला मालकाने जादा पैसे द्यायचे, आणि सुरुवातीला महिन्याला दोन लाख वॉनपर्यंत, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, सरकारने मालकाला द्यायचे ठरले. नस बरोबर पकडली आहे बघा.

जपानच्या इतोचू या व्यापारी कंपनीने पैशांऐवजी घड्याळाला हात घातला. 2013 मध्ये त्यांनी रात्री आठनंतर काम जवळपास बंद केलं. काम उरलंय? पहाटे या, जादा पैसे घ्या, वर नाश्ता फुकट. तिथल्या स्त्री कर्मचाऱ्यांचा जननदर 2010 च्या सुमारास 0.94 होता, तो 2021 मध्ये 1.97 झाला. नफाही वाढला. आता सगळं श्रेय घड्याळाला देणार नाही मी, पण धंदा बुडाला नाही एवढं तर दिसतं.

मला खरं शिकवलं ते नागी या गावाने. जपानच्या ओकायामा भागातलं हे गाव, वस्ती सहा हजारांच्या आत. 2005 मध्ये जननदर 1.41, आणि 2019 मध्ये 2.95! अर्थात एवढ्याशा गावात दहा-वीस बाळांनी आकडा हलतो, हे लक्षात ठेवा. गावाने मुलांचे दवाखान्याचे पैसे माफ केले, आयांना एकत्र बसायला जागा दिली. पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिथलं 'कामाचं दुकान'. गावातले व्यवसाय आपलं काम छोटे छोटे तुकडे करून तिथे देतात. ज्या आईला आज तीनच तास आहेत, ती तेवढाच तुकडा घेते. मूल आजारी पडलं, तर दुसरी कुणीतरी तिच्या जागी उभी राहते. म्हणजे 'पूर्ण वेळ ये नाहीतर सोड' असा प्रश्नच नाही.

आता आपल्याकडे या. 2017 पासून आपल्या कायद्यात 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण दुकानांच्या बाबतीत ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. ईएसआय लागू असेल तर पैसे तिथून येतात, नाहीतर मालकाच्या खिशातून. माझ्या चार जणांच्या दुकानाला हा कायदा विचारतही नाही. ती गेली तरी मला कुणी जाब विचारणार नाही. आणि हो, हे फक्त परदेशाचं दुखणं समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर 1.7 होता.

नवी मुलगी ठेवायची, तर माल, भाव, उधारीची गिऱ्हाइकं, सगळं पहिल्यापासून शिकवा. माझ्या अनुभवाने एक सीझन त्यातच जातो.

म्हणून परवा दुपारी, गर्दी नव्हती तेव्हा, मी आणि ती वही घेऊन बसलो. ती दिवसभर काय काय करते ते एकाखाली एक लिहिलं. सतरा कामं निघाली. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, स्टॉकची नोंद, उधारीचे फोन, इन्स्टाला फोटो टाकणं... सहा कामं तर घरून होण्यासारखी. काउंटरची कामं बाकीच्या तिघांत वाटली आणि त्यांचे पैसे वाढवले. कोरियासारखं सरकार नाही भरून देणार, पण नवीन माणसापेक्षा स्वस्त पडतं.

वही मिटताना तिने एकच विचारलं, "ताई, घरच्या कामाचे पैसे महिन्याला, की कामाप्रमाणे?" याचं उत्तर माझ्याकडे अजून पक्कं नाही. दोन्ही हिशोब मांडून बघतेय. पुढच्या व्हिडिओत वहीसकट दाखवते.