ढील नसलेला पतंग

एका दोरीच्या पतंगाचे सारे कौशल्य खेच आणि ढील या दोन क्रियांत सामावलेले असते. दोरी ताणली की पतंग त्याचे नाक असेल त्या दिशेला झेपावतो, ढील मिळाली की तो वळू लागतो, आणि येवल्याच्या संक्रांतीत आसारीवर, म्हणजे दोरीच्या फिरकीवर, हात बसलेला पतंगबाज या दोहोंच्या लयीतून त्याला हवे तिथे नेतो. चार दोऱ्यांच्या कसरती पतंगाला मात्र ढील देताच येत नाही, कारण त्याच्या चारही दोऱ्या ठरावीक लांबीच्या असून उडवणाऱ्याच्या दोन्ही हातांतील दांड्यांना पक्क्या बांधलेल्या असतात. त्यामुळे काटाकाटीत मुरलेल्या माणसालाही इथे आरंभापासून शिकावे लागते, आणि त्याची जुनी सवय पुष्कळदा आडच येते.

चार दोऱ्यांची कल्पना विमानाहूनही जुनी आहे. १८९९ च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातील डेटन येथे विल्बर राइट यांनी सुमारे पाच फूट रुंदीचा दुपंखी पतंग उडवला, त्याच्या चार दोऱ्या दोन काठ्यांच्या टोकांना बांधल्या होत्या, आणि काठ्या परस्परविरुद्ध दिशांना कलवल्या की पंखांना पीळ बसून पतंग एका अंगाला झुकत असे. राइट बंधूंच्या पुढच्या यंत्रांतील तोल सांभाळण्याची युक्ती ती हीच. खेळाच्या पतंगांत मात्र आधी दोन दोऱ्यांचा जमाना आला. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकी नौदलाच्या तोफचींना नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून सुकाणूचा दोन दोऱ्यांचा पतंग बनवला, १९७० च्या दशकात इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी कसरती पतंग घरोघरी पोहोचवला, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या हॅडझिकी बंधूंनी ‘रेव्होल्यूशन’ हा चार दोऱ्यांचा पतंग बाजारात आणला. आजचे बहुतेक चार दोऱ्यांचे पतंग त्याच घडणीचे असतात.

ही घडण दिसायला साधी आहे. वरच्या बाजूला कार्बन तंतूंच्या नळ्यांची एक लांब आडवी कड असते, तिला आघाडीची कड म्हणावे. तिच्यापासून दोन उभ्या नळ्या खाली येतात आणि त्यांवर हलके, न फाटणारे कापड ताणलेले असते. वरच्या दोन दोऱ्या आघाडीच्या कडेकडील कण्णीला, तर खालच्या दोन उभ्या नळ्यांच्या टोकांना जोडतात. दांडीचे वरचे टोक अंगठ्याजवळ आणि खालचे करंगळीखाली येते, म्हणून मनगट किंचित कलले तरी पतंगाच्या त्या अर्ध्या भागाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. दोन दोऱ्यांच्या पतंगात हा कोन बऱ्याच अंशी कण्णीच ठरवते, त्यामुळे तो सतत पुढे पळत राहतो. चार दोऱ्यांचा पतंग थांबू शकतो आणि उलटाही जाऊ शकतो, कारण इथे तो कोन उडवणाऱ्याच्या मुठीत असतो.

शिकणाऱ्याची पहिली अडचण खांद्यात असते. पतंग डगमगला की तो हात मागे ओढतो, पतंगाचा वेग वाढतो आणि घोटाळाही वाढतो. खरी क्रिया मनगटाची आहे: दोन्ही अंगठे मागे घेतले की पतंग पुढे जातो, करंगळीची बाजू मागे घेतली की तो थबकतो व नंतर मागे सरकतो, आणि डावा अंगठा व उजवी करंगळी एकाच वेळी मागे आली की तो जागीच उजवीकडे फिरतो. नवा पतंग अनेकदा थांबायलाच तयार नसतो. तेव्हा दांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या गाठींच्या तुकड्यावर वरची दोरी एक-दोन गाठी बाहेर सरकवावी, म्हणजे खालच्या दोऱ्या तुलनेने आखूड होऊन ब्रेकचा परिणाम वाढतो. ही जुळणी न करता आपल्या हातांना दोष देणारे शिकाऊ पुष्कळ असतात.

उड्डाण आणि वळणे थोड्या सरावाने जमतात. स्थिर राहणे जमत नाही. आघाडीची कड खाली करून, जमिनीपासून हातभर उंचीवर पतंग रोखून धरणे हा या विद्येचा खरा पाया आहे, कारण त्या स्थितीत पतंगाची उजवी बाजू डोळ्यांना डावीकडे दिसते आणि नजर व हात यांचे नाते नव्याने जुळवावे लागते. मग घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊ या दिशांना कड रोखत थांबण्याचा सराव येतो, त्यानंतर आडवे सरकणे. पायांचेही काम असते: वारा पडला की मागे चालून पतंगाला वारा मिळवून द्यावा, जोराचा झोत आला की दोन पावले पुढे जावे.

नेहमीच्या कापडाचा पतंग ताशी साधारण ८ ते २५ किलोमीटर वाऱ्यात चालतो, त्याहून जोराच्या वाऱ्यासाठी जाळीचे पट्टे शिवलेला घेतात. दोऱ्या सरावाला ७५-८० फूट आणि पुढे १२० फुटांपर्यंत असतात. त्या पॉलिथिलीनच्या, अगदी कमी ताणल्या जाणाऱ्या, निसरड्या तंतूंच्या असल्यामुळे एकमेकींभोवती अनेक पीळ बसले तरी पतंग ताब्यात राहतो. मात्र हा तंतू सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून दुसऱ्या जातीची दोरी घासली तर घर्षणाच्या उष्णतेनेच तो तुटू शकतो, आणि काचेचा मांजा तर त्याला क्षणात कापतो. त्यामुळे संक्रांतीच्या गर्दीचे आकाश या पतंगाला वर्ज्यच आहे. त्याला ओहोटीच्या वेळचा कोकणातला रुंद किनारा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा सलग वारा मानवतो. शहरातील इमारतींमागचा उलटसुलट वारा शिकणाऱ्याला काहीच शिकू देत नाही.