शेपूट हलकी, तर ब्रेक जपून!

व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-८ घरी बांधून उडवणाऱ्यांनो, एकटे असताना जमिनीवर जास्त सांभाळा. मागची सीट रिकामी असली की भार पुढे सरकतो आणि शेपूट हलकी होते. इंजिन तपासताना विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवा, स्टिक पूर्ण मागे, अगदी पोटाशी धरा. प्रोपेलरचा झोत वर वळलेल्या एलिव्हेटरवर आदळून शेपूट खाली दाबतो. टॅक्सी करताना मागून जोराचा वारा असेल तर मात्र उलटं, स्टिक पुढे! नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. ब्रेक कचकन दाबलात तर शेपूट उचलते, नाक खाली जातं. प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावं लागतं. म्हणून टॅक्सी चालत्या माणसाच्या वेगानेच करा.