वर्गाचा झाला वृत्तकक्ष : इंग्रजी व पत्रकारितेच्या अध्यापनातील प्रकल्पपद्धती

इंग्रजीचा तास म्हटला की पाठ्यपुस्तकातील उतारा, शब्दार्थ, व्याकरणाचे नियम आणि प्रश्नोत्तरे असेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. या तासाला लिहिलेल्या निबंधाचा वाचक एकच असतो, तो म्हणजे शिक्षक. तपासणी झाली, गुण मिळाले की त्या लेखनाचे आयुष्य संपते. हेच लेखन शेकडो वाचकांसमोर जाणार असेल, तर विद्यार्थी ते वेगळ्या जबाबदारीने लिहील का, या प्रश्नाच्या उत्तरातून शालेय पत्रकारितेतील प्रकल्पाधारित अध्ययनाची पद्धत आकाराला आली. संगणकाच्या आगमनानंतर या पद्धतीला विशेष बळ मिळाले.

जुनी कल्पना, नवे साधन

करून शिकण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्पपद्धतीवरील प्रसिद्ध निबंध १९१८ मध्ये प्रकाशित झाला. त्यामागे जॉन ड्यूई यांच्या शैक्षणिक विचारांची प्रेरणा होती. भारतात ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधी यांनी उत्पादक श्रमाला केंद्रस्थानी ठेवणारी आणि मातृभाषेतून शिक्षण देणारी योजना मांडली. पुढे ती ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेली. दोन्ही विचारधारांची पार्श्वभूमी भिन्न असली, तरी प्रत्यक्ष कृतीतून आलेले ज्ञान टिकाऊ असते, ही धारणा दोहोंत समान आहे.

भाषेच्या वर्गात मात्र असे ‘उत्पादन’ कोणते, ही अडचण होती. वृत्तपत्राने ती सोडविली. विषय निवडणे, माहिती मिळविणे, मुलाखत घेणे, मसुदा लिहिणे, संपादन, पृष्ठरचना आणि वितरण या सर्व टप्प्यांत भाषेचा वापर अटळ असतो. शिवाय अंक ठरलेल्या दिवशी निघावाच लागतो.

पालो अल्टो येथील प्रयोग

या क्षेत्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पालो अल्टो हायस्कूलचे आहे. एस्थर वोजसिकी यांनी १९८४ मध्ये तेथे पत्रकारितेचे अध्यापन सुरू केले, तेव्हा वर्गात सुमारे २० विद्यार्थी होते. त्याच वर्षी ‘अ‍ॅपल’ कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला होता. पुढील काही वर्षांत संगणकावर पृष्ठरचना करण्याचे तंत्र प्रचलित झाले आणि शाळेच्या ‘कॅम्पनीले’ या वृत्तपत्राचे काम संगणकावर होऊ लागले. वोजसिकी यांना स्वतःला संगणकाची सवय नव्हती. विद्यार्थ्यांबरोबरच त्याही शिकत गेल्या. कालांतराने नियतकालिके, संकेतस्थळ व दूरचित्रवाणी वार्तापत्र यांची भर पडून या उपक्रमातील विद्यार्थ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. २०१४ मध्ये शाळेत माध्यमकलांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

या वर्गात संपादक विद्यार्थीच असतात. कोणती बातमी घ्यावी, कोणती पहिल्या पानावर जावी, याची चर्चा तेच करतात. शिक्षक मार्गदर्शकाच्या भूमिकेत असतो. लेखन समाधानकारक होईपर्यंत पुन्हा लिहिण्याची मुभा हे या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य होय. पहिल्या मसुद्यातील चूक गुण कापण्याचे कारण ठरत नाही. ती पुढील मसुद्याचे काम ठरते.

व्याकरणाला प्रयोजन मिळते

या पद्धतीचा भाषाशिक्षणाला होणारा लाभ एका साध्या उदाहरणातून स्पष्ट होतो. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन हा इंग्रजी व्याकरणातील ठरलेला प्रश्न. परीक्षेत तो वाक्यरूपांतरापुरता असतो. परंतु गावातील पाणीपुरवठ्यावर बातमी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सरपंचांचे म्हणणे अवतरणचिन्हांत घातले, तर ते शब्द त्यांचेच असले पाहिजेत. मुलाखत मराठीत आणि बातमी इंग्रजीत असेल, तर कोणते शब्द अनुवादित आहेत आणि आशय कोठे बदलू शकतो, याचाही विचार करावा लागतो. अशा वेळी काळ, सर्वनाम व विरामचिन्हे यांतील चूक दुसऱ्या व्यक्तीच्या तोंडी न उच्चारलेले वाक्य घालू शकते. नियमाचे महत्त्व विद्यार्थ्याला तेथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अखेरचा शब्द कोणाचा?

लेखन खरोखरीच्या वाचकांपर्यंत जाऊ लागले की त्यावर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ मध्ये मिसूरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी पत्रकारितेच्या वर्गाने तयार केलेल्या अंकातील दोन पाने वगळली. त्यांत किशोरवयीन मुलींचे गरोदरपण आणि पालकांचा घटस्फोट या विषयांवरील लेख होते. जानेवारी १९८८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध तीन अशा बहुमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शैक्षणिक हेतूशी सुसंगत असे संपादकीय नियंत्रण शाळा ठेवू शकते, असे त्यात मान्य करण्यात आले. कॅलिफोर्नियात मात्र विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला संरक्षण देणारा कायदा १९७७ पासूनच होता. पालो अल्टो येथील स्वातंत्र्यामागे हाही आधार होता.

असे स्वातंत्र्य कोठवर जाऊ शकते, हे २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये दिसून आले. नव्याने नियुक्त झालेल्या मुख्याध्यापिकेचा परिचय करून देणारी साधी बातमी लिहिताना त्यांनी सांगितलेल्या पदव्यांबाबत विद्यार्थ्यांच्या मनात शंका निर्माण झाली. संबंधित शिक्षणसंस्थेच्या मान्यतेविषयी त्यांनी चौकशी केली आणि आपली माहिती शाळेच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. त्यानंतर काही दिवसांतच मुख्याध्यापिकेने पदभार स्वीकारण्यापूर्वीच राजीनामा दिला. कॅन्ससमध्येही विद्यार्थी प्रकाशनांना कायद्याचे संरक्षण आहे. तपासणीची सवय हा पाठ्यक्रमातील भाग किती गंभीर असू शकतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

तंत्रज्ञानाचे नेमके कार्य

गटाने केलेल्या प्रकल्पात कोणी किती काम केले, हे ठरविणे शिक्षकांना नेहमीच कठीण जाते. २००६ मध्ये आलेल्या ‘गुगल डॉक्स’सारख्या साधनांमुळे एकाच मसुद्यावर अनेकांना एकाच वेळी लिहिणे शक्य झाले. प्रत्येक बदलाची नोंद राहत असल्याने मसुदा कसा घडला, हेही शिक्षकांना पाहता येते. म्हणजेच अंतिम अंकाबरोबर प्रक्रियेचेही मूल्यमापन करता येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यानंतर या मुद्द्याला अधिक महत्त्व आले. ठरावीक विषयावरील निबंध आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. आपल्या गल्लीतील दुकानदाराशी बोलणे, त्याचे नाव अचूक नोंदविणे आणि त्याने सांगितलेला आकडा दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहणे मात्र विद्यार्थ्यालाच करावे लागते. यंत्राने लिहिलेला मजकूर ओघवता असूनही चुकीचा असू शकतो. त्यामुळे टिपणवही, मुलाखतीच्या नोंदी आणि मसुद्यातील दुरुस्त्या यांना गुण देणे अधिक न्याय्य ठरते.

भारतातील वाव

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर आणि घोकंपट्टीपासून दूर जाण्यावर भर देण्यात आला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अनुभवाधारित अध्ययनाचा पुरस्कार करण्यात आला आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जात आहे. परंतु अनेक विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर इंग्रजी वापरण्याचे निमित्तच मिळत नाही. शालेय वृत्तपत्र हे निमित्त देऊ शकते.

त्यासाठी महागड्या साधनांची अट नाही. परिपाठातील वार्तावाचन, फलकावरचे भित्तिपत्रक आणि दरवर्षी निघणारे हस्तलिखित ही मराठी शाळांची जुनी परंपरा आहे. वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखविण्याऐवजी विद्यार्थ्यांनी स्वतः मिळविलेली बातमी परिपाठात आली, तरी प्रकल्पाचा आरंभ होतो. एका भ्रमणध्वनीवर मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करता येते आणि भित्तिपत्रक हाताने लिहिता येते.

अडचणीही दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. मोठे वर्ग, परीक्षेचा ताण आणि शिक्षकांवरील इतर कामांचा भार यांमुळे प्रकल्प पुष्कळदा पालकांकडून किंवा दुकानातून तयार करून आणलेल्या सजावटीच्या वहीपुरता उरतो. मुलांची नावे व छायाचित्रे महाजालावर देताना पालकांची संमती घेणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या चुकीची दुरुस्ती पुढील अंकात छापण्याचा नियम प्रारंभीच करणे हितावह ठरते.

संगणक खोलीत आणून ठेवल्याने वर्ग बदलत नाही. विद्यार्थ्याच्या हाती खरा विषय, खरा वाचक आणि निर्णयाचा काही अंश द्यावा लागतो. तो किती द्यायचा, हे ठरविणे शिक्षकांच्या आणि शाळेच्या हाती आहे.