तरंगत्या ब्रिजची गिटार लावताना

अमेरिकेच्या फ्लॉइड रोझ यांना या ब्रिजचं पेटंट 1979 मध्ये मिळालं. त्याला घरोघरी पोहोचवलं ते एडी व्हॅन हेलनच्या वादनाने. ब्रिज दोन खांबांवर धारेने टेकलेला असतो. समोरून सहा तारा त्याला ओढतात, मागून गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा. म्हणून एक तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. नवखे इथेच वैतागतात.

आधी नटवरचे क्लॅम्प सैल करा, फाइन ट्यूनर मध्यावर आणा. मग जाड ईपासून सुरुवात करून खुंट्यांनी सहाही तारा लावा. पुन्हा पहिल्या तारेकडे या; ती उतरलेली असणारच. अशा तीन-चार फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीत फरक कमी होत जातो. सूर जमले तरी ब्रिज पुढे कललेला दिसला, तर खुंट्यांशी झगडू नका. मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे आवळा आणि पुन्हा लावा. मागे कलला असेल तर ते सैल करा. ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर हवा.

मग क्लॅम्प आवळा, पण बेताने. आवळताना सूर किंचित हलतात, ते फाइन ट्यूनरने सावरायचे. तंबोऱ्यात मणी करतात तेच काम. यापुढे खुंट्या फिरवून उपयोग नाही.

तारा बदलायच्या तर एकेकच. कार्यक्रमात तार तुटली, तर उरलेल्या पाचही चढतात. दुसरी गिटार जवळ असलेली बरी.