चकती थांबली तरी संगणक चालतो

१९६९ मध्ये टीडीसी-१२ हा मिनी कॉम्प्युटर आला. त्याचा आराखडा मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला आणि उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने केले. पुढे १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला. त्या पिढीचे यंत्र आज पुन्हा सुरू करायचे ठरवले, तर जळालेली चिप बदलता येते, कारण त्या जातीच्या साध्या चिप अजून मिळतात. घोडे अडते ते डिस्कपाशी.

उदाहरणार्थ, अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची आरके०५ ही त्या काळातली गाजलेली डिस्क. तिची १४ इंची चकती मिनिटाला १५०० फेरे घेई आणि तिच्यात सुमारे २५ लाख बाइट मावत. आज मोबाइलवरचा एखादा फोटो तेवढी जागा घेतो. माहिती वाचणारे हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगते. धुळीचा कण मध्ये आला की ते आपटते आणि हेड, चकती दोन्ही खरवडतात. वीज गेल्यावर हेड मागे घेणारी बॅटरीही एवढ्या वर्षांत गळू लागते. नवे हेड आता कोणी बनवत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डिस्क एम्युलेटर. संगणकाकडून डिस्ककडे जाणारी केबल तशीच ठेवायची आणि पलीकडे डिस्कच्या जागी एक लहान सर्किट बसवायचे. संगणक सांगतो, ‘अमुक ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या अमुक वर्तुळावर जा.’ सर्किट थोडा वेळ घेऊन ‘पोचलो’ असा संकेत देते. आरके०५ चा एक फेरा ४० मिलिसेकंदांचा आणि त्यात १२ सेक्टर, म्हणजे वर्तुळाचे १२ तुकडे, म्हणून दर ३.३ मिलिसेकंदांनी नव्या सेक्टरची खूण पाठवावी लागते. सर्किटमधल्या मेमरी कार्डावरची माहिती मग एकेक बिट करून त्याच जुन्या गतीने सोडायची. आजची चिप याहून कितीतरी वेगवान आहे, पण इथे कसब लागते ते हळू चालण्याचे. डिस्कला आज्ञा देणारा संगणकातला जुना कंट्रोलर ठरल्या वेळीच उत्तराची अपेक्षा करतो. घाई झाली तरी तो चूक दाखवतो.

दुसरा मार्ग जर्मनीच्या योर्ग होप्पे यांच्या युनिबोनचा. हे कार्ड डिजिटल इक्विपमेंटच्याच पीडीपी-११ या मिनी कॉम्प्युटरच्या बसमध्ये, म्हणजे त्याचे भाग जोडणाऱ्या तारांच्या मार्गात, थेट बसते आणि डिस्कबरोबर तिच्या कंट्रोलरचीही भूमिका करते. तिसऱ्या मार्गात जुने यंत्रच लागत नाही: बॉब सुपनिक यांनी सुरू केलेले सिमएच हे मोफत सॉफ्टवेअर अख्खा मिनी कॉम्प्युटर लॅपटॉपवर उभा करते. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यात बसून एखादा विद्यार्थी त्यावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची १९७५ ची आवृत्ती चालवू शकतो आणि आजच्या संगणकांचा पाया कसा घातला गेला, हे स्वतःच्या बोटांनी शिकू शकतो.

मात्र एम्युलेटर डिस्कचे वागणे परत आणतो, तिच्यावरची माहिती नाही. ती मूळ चकतीवरून आधी उतरवून घ्यावी लागते, आणि तेही वाचणारे एखादे यंत्र धड आहे तोवरच. आरके०५ हुबेहूब उभी करता आली, कारण तिच्या पुस्तिका आणि सर्किटचे नकाशे लोकांनी जपले, स्कॅन करून सर्वांना खुले केले. कुठल्या तारेवर कोणता संकेत कधी येतो, हे त्या कागदांतच लिहिलेले होते.

आपल्या टीडीसी यंत्रांसाठीही हेच करायला हवे. ती ज्यांनी बनवली, चालवली, दुरुस्त केली, ते अभियंते आता वार्धक्यात आहेत. त्यांच्या कपाटातली पुस्तिका, टेप, प्रोग्रॅमची छापील प्रत रद्दीत जाण्याआधी स्कॅन व्हावी आणि त्यांचे अनुभव नोंदवले जावेत. सर्किट पुढच्या पिढीतले कोणीही बनवेल. ते बनवायला लागणारी माहिती जपण्याचे काम मात्र आपल्याच पिढीला करावे लागेल.