घरातला समुद्र हलता ठेवताना

नंदुरबारहून तापीच्या खोऱ्याने पश्चिमेस निघाले की सुमारे दीडशे किलोमीटरवर सुरत लागते. तेथून समुद्र जवळ असला तरी खंभातच्या आखातातील ते गढूळ पाणी प्रवाळांच्या मत्स्यालयाला चालत नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये समुद्रकाठीच उभे राहिले. नंदुरबार, शहादा, तळोदा येथील हौशी माणसाला मात्र समुद्र घरातच कालवावा लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम, तेही मत्स्यालयासाठी बनविलेले क्षार. म्हणजे ६०० लिटरला २१ किलोंहून थोडे अधिक. हा भाग सोपा आहे. पाणी समुद्रासारखे हलते ठेवणे अवघड, आणि पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात वीज गेली की पेटीतील जिवांचे भवितव्य त्यावरच ठरते.

प्रवाळ एकाच जागी जखडलेला प्राणी आहे. अन्न व प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्यानेच आणायचे आणि टाकाऊ द्रव्येही पाण्यानेच वाहून न्यायची. पाणी स्थिर असेल तर त्याच्या अंगालगत पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो आणि त्यातून होणारी देवाणघेवाण फार मंदावते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, तेव्हा या थरातील प्राणवायू झपाट्याने घटतो. खडकांवर येणारी लाट पुढे-मागे हेलकावे देते, नळासारखी एकाच दिशेने मारा करीत नाही. म्हणूनच एका कोपऱ्यात एक जबरदस्त पंप बसविणे ही नवख्यांची नेहमीची चूक ठरते. पंपासमोरच्या प्रवाळाची कातडी सोलवटते आणि खडकामागे घाण साचत राहते.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. खडक व वाळू वजा जाता ६०० लिटरच्या आतबाहेर. तिच्यात दोन प्रवाह वेगवेगळे आखावे लागतात. पहिला खालच्या गाळण टाकीत जाऊन परत येणारा. तो तासाला तीन ते पाच पट, म्हणजे दोन-तीन हजार लिटर, पुरतो. पंपाच्या खोक्यावरील आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी चार-पाच फूट वर चढविताना तो बराच घटतो, हे विसरू नये. दुसरा प्रवाह पेटीच्या आतला. मऊ प्रवाळांसाठी तो तासाला वीसपट, म्हणजे १२,००० लिटर धरावा आणि दोन्ही टोकांना बसविलेल्या, आळीपाळीने चालणाऱ्या पंपांत वाटून द्यावा. खडक मागच्या काचेला टेकवू नयेत.

कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना याहून जोराचा प्रवाह लागतो; पण तो प्रश्न येथे उद्भवू नये. ती सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या किनारा रस्त्याच्या कामात २०२० मध्ये प्रवाळांच्या मोजक्या वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठीही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. दुकानदार काहीही सांगो, खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

आता वीज जाते तेव्हाचा हिशेब. या पेटीतील पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ११ लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळीचे तोंड दहा सेंटिमीटर खोल असेल, तर पंप थांबताच पाणी उलटे खेचले जाऊन ११० लिटर गाळण टाकीत उतरेल; तेवढी जागा नसेल तर दिवाणखान्यात. उपाय क्षुल्लक आहे. नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक भोक पाडावे आणि ते शेवाळाने बुजत नाही ना, हे आठवड्याला पाहावे.

प्राणवायूचे गणित अधिक निकडीचे. तापमान वाढते तशी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि माशांची गरज मात्र वाढते. त्यामुळे इन्व्हर्टरवर सगळे न जोडता वीस वॅटचा एकच पंप जोडावा व त्याचे तोंड पृष्ठभाग ढवळेल असे वर वळवावे. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी त्याला दिवसभराहून अधिक काळ चालवू शकते.

पंप स्वतःही पाणी तापवितात. पाण्यात बुडालेले एकूण १०० वॅटचे पंप ६०० लिटर पाण्याला दहा तासांत सुमारे दीड अंश उष्णता देतात. उलट एक लिटर पाण्याची वाफ झाली की तेवढेच पाणी जवळपास एक अंश थंड होते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावर फिरणारा साधा पंखा म्हणूनच मोठे काम करतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा जोर ओसरतो आणि शीतयंत्राचा खर्च टळत नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, शुद्ध पाण्यानेच करायची. मीठ मागेच राहिलेले असते.

एकही जीव सोडण्यापूर्वी पेटी आठवडाभर नुसत्या पाण्यावर चालवावी आणि या काळात मुख्य बटण तीन-चार वेळा, एकदा तरी मध्यरात्री, अचानक बंद करून पाहावे. पाणी कोठवर चढते तेथे गाळण टाकीवर खूण करावी. वीज परतल्यावर प्रत्येक पंप आपोआप सुरू होतो की एखादा नुसताच गुरगुरत राहतो, तेही तेव्हाच कळते.