अर्धी बातमी आणि आख्खा माणूस

गेल्या महिन्यात आमच्या जामनेरच्या घरात एका निबंधाने तीन दिवस मुक्काम ठोकला होता. नात सातवीत आहे. विषय नेहमीचाच, 'माझी आदर्श व्यक्ती'. पण बाईंनी यंदा एक अट घातली होती : व्यक्ती हयात असली पाहिजे. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब, साने गुरुजी या साऱ्यांना बाईंनी एका फटक्यात रजा दिली आणि आमची पंचाईत झाली.

रात्री जेवताना नावे निघू लागली. एका क्रिकेटपटूचे नाव निघाले, तर मुलगा म्हणाला, "जाहिराती पाहिल्या का त्याच्या, कसल्या कसल्या?" एका नटाचे निघाले, तर सून नुसतीच हसली. एका समाजसेवकाचे नाव सौभाग्यवतींनी घेतले, तर लगेच कोणीतरी म्हणाले, "त्यांच्या संस्थेबद्दल काहीतरी आलं होतं ना पेपरात?" काय आले होते ते कोणालाच आठवेना. पण 'काहीतरी' आले होते, हे सर्वांना पक्के आठवत होते. वांग्याचे भरीत संपले, वही कोरीच राहिली.

"म्हणजे आजोबा, चांगली माणसं सगळी मेलेलीच असतात का?" नातीने विचारले.

तिने माझ्याकडे पाहून विचारले ते बरे केले. त्या 'काहीतरी'त माझाही वाटा आहे.

मी बरीच वर्षे या तालुक्याचा वार्ताहर होतो. त्या काळी बातम्या कागदावर लिहून, पाकिटात घालून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती जळगावला धाडाव्या लागत. गावात आमचे एक सर होते. निवृत्तीनंतर खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी ते वसतिगृह चालवीत. बाजारातून निघाले की दुकानदार गादीवरून उठून नमस्कार करीत. एक दिवस एका गृहस्थांनी मला कागद दाखवले. वसतिगृहाच्या हिशेबात अकरा हजार रुपयांचा मेळ नव्हता. कागद खरे होते. मी बातमी लिहिली, संध्याकाळच्या गाडीने पाकीट दिले. दोन दिवसांनी ती छापून आली तेव्हा मथळ्यात एक शब्द होता, जो मी लिहिलेला नव्हता : 'अपहार'.

सरांच्या घरी जाऊन मी एका शब्दाने विचारले नव्हते. जायला दहा मिनिटे लागली असती. पण त्यांच्यासमोर बसून विचारायची लाज वाटली, आणि लिहायची वाटली नाही.

पुढे रीतसर चौकशी झाली. पैसे मुलांच्या परीक्षा फीमध्ये गेले होते. गरीब बापांकडून सह्या आणि पावत्या घेणे सरांना जिवावर आले होते. चौकशीने त्यांना अपहाराच्या आरोपातून मुक्त केले आणि हिशेब नीट न ठेवल्याबद्दल समजही दिली. दोन्ही योग्यच होते. ती बातमीही मी पाठवली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. तोवर दुकानदार गादीवरून उठायचे थांबले होते.

सर एकदा बसस्टँडवर भेटले. रागावले नाहीत. म्हणाले, "बातमी खरी होती रे. पण अर्धी होती. उरलेली अर्धी विचारायला तू आला नाहीस." सर गेले तेव्हा शोकसभेत सात वक्ते बोलले. सातही जणांनी त्यांना 'आदर्श' म्हटले. त्यातले निदान चार जण मधल्या काळात त्यांना पाहून रस्ता बदलत. अकरा हजारांचा उल्लेख कोणी केला नाही. तीही पुन्हा अर्धीच बातमी!

हे झाले एका गावचे. पण हाच खेळ याहून मोठ्या पटावर आपण खानदेशी लोकांनी फार जवळून पाहिला आहे.

९ ऑगस्ट २००३ रोजी अण्णा हजारे मुंबईच्या आझाद मैदानात उपोषणाला बसले. राज्यातल्या चार मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी व्हावी, ही मागणी. चारांपैकी दोघे आपल्याच मुलखातले, जळगावचे सुरेश जैन आणि नंदुरबारचे विजयकुमार गावित. जळगावात 'दादा' म्हटले की आडनाव विचारावे लागत नसे. सुरेशदादांनी अण्णांच्या संस्थांवर उलट आरोप केले. सरकारने न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. चौकशी मंत्र्यांची झाली, तशी अण्णांच्या संस्थांचीही झाली.

२३ फेब्रुवारी २००५ रोजी अहवाल आला. सुरेश जैन, पद्मसिंह पाटील आणि नवाब मलिक यांच्यावर आयोगाने ठपका ठेवला. गावितांना दोषमुक्त केले. आणि त्याच अहवालात लिहिले, की हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून अण्णांच्या वाढदिवसाच्या समारंभावर झालेला २ लाख २० हजार रुपयांचा खर्च बेकायदा असून ते भ्रष्ट आचरण ठरते.

अहवाल एकच, पण गावागावांत तो दोन तुकड्यांत वाचला गेला. अण्णांच्या माणसांनी मंत्र्यांची पाने वाचली, दादांच्या माणसांनी वाढदिवसाचे पान वाचले. आमच्या चहाच्या टपरीवर वाद रंगत. "वाचला का भो तू अहवाल?" असे विचारले की दोन्हीकडचे गप्प! माझे म्हणणे असे, की त्या दिवशी आपल्याला एक दुर्मीळ माणूस दिसला होता, तो आपण पाहिला नाही. ज्या चौकशीसाठी तो उपाशी राहिला, त्याच चौकशीने त्यालाही सोडले नाही. त्याची चूक २ लाख २० हजारांची होती. राळेगणसिद्धीच्या उजाड माळावर अडवलेले पाणीही त्याचेच होते. एकाने दुसरे पुसले जात नाही.

पुढे २०११ साल उजाडले. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर वाहिन्यांचे कॅमेरे दिवसरात्र अण्णांवर खिळले. डोक्याडोक्यावर 'मी अण्णा'च्या टोप्या. उपोषण सुरू होण्याच्या तोंडावर सत्तारूढ पक्षाच्या प्रवक्त्यांनी सावंत अहवालातले तेवढेच एक पान उचलून अण्णांना नखशिखांत भ्रष्ट ठरवले. नंतर त्यांना खेद व्यक्त करावा लागला. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला चोर; मधली जागा कोणी ठेवलीच नाही. डिसेंबरमध्ये तोच माणूस मुंबईत उपोषणाला बसला, तेव्हा मैदान भरले नाही आणि उपोषण दोन दिवसांत आटोपले. चार महिन्यांत माणूस तो किती बदलणार? बदलली होती पाहणाऱ्यांची हौस. पुढे २०१८ मध्ये ते पुन्हा रामलीला मैदानावर बसले. राज्य सरकारतर्फे त्यांची समजूत घालणाऱ्यांत आमच्या जामनेरचे आमदार, तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन होते, म्हणून इथे थोडी चर्चा तरी झाली.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्या माणसांची झडती घेणेच सोडावे. ते तर अगदीच चुकीचे होईल. जळगावच्या घरकुल प्रकरणात २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सुरेशदादांसह ४८ जणांना दोषी ठरवले आणि त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली. पण 'आमच्या दादांना कोण विचारणार' असे म्हणून सारे गप्प बसले असते, तर झोपडपट्टीतल्या लोकांच्या घरांचे काय झाले, हे कधी न्यायालयात आलेच नसते. विचारलेच पाहिजे. फक्त पुरते विचारले पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत थांबले पाहिजे.

पूर्वीचे लोक मोठ्या माणसांना सांभाळून घेत, असे आपण समजतो. तेही तितकेसे खरे नाही. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. त्या वेळी चुकीच्या माहितीवरून खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याची तार केली होती. ज्यांना गुरुजी देव मानत, त्यांच्यापर्यंतही अर्धीच बातमी पोचली! गुरुजी डगमगले नाहीत. गांधीजींविषयीची त्यांची भक्तीही आटली नाही. आपण मात्र आज त्यांचा फोटो लावतो, हार घालतो आणि मोकळे होतो. फोटो पुन्हा काही चुकीचे करीत नाही, ही त्याची मोठी सोय.

जिवंत माणूस तशी सोय देत नाही. तो उद्या काय बोलेल, कोणाच्या व्यासपीठावर बसेल, कुठे गप्प राहील, याचा भरवसा नसतो. त्याला आदर्श मानायचे तर आपल्यालाच रोज थोडे कष्ट पडतात : हे घ्यावे, हे घेऊ नये, असे निवडावे लागते. आमच्या आया सुपात धान्य पाखडत, तेव्हा चार खडे निघाले म्हणून पायलीभर ज्वारी उकिरड्यावर टाकत नसत. आणि खड्यांसकट दळायलाही देत नसत.

तिसऱ्या दिवशी मी नातीला अण्णांचे नाव सुचवले. पाणलोटाचे काम सांगितले, माहितीच्या अधिकाराचा कायदा सांगितला. मग वाढदिवसाचे पानही सांगितले.

ती लिहिता लिहिता थांबली. "हे पण लिहू?"

"लिही."

"बाईंनी मार्क कापले तर?"

मी म्हटले, कापतीलही. तिने जरा विचार केला, आणि ते वाक्य लिहिले.

सरांवरचा लेख मी आजवर लिहिला नव्हता. अकरा हजारांचे सांगितल्याशिवाय तो लिहिता येईना, आणि ते सांगायचे तर माझ्या त्या दहा मिनिटांचेही सांगावे लागले असते. आज दोन्ही सांगितले.